मुद्दल टाकीत आणि कौतुक व्याजाचं

वारणाकाठच्या एका गावातून आलेलं हे पत्र, थोडं आटोपतं करून:

"डॉक्टरताई, नमस्कार. मी पतसंस्थेत वसुलीला होतो, आता निवृत्त आहे. थोडी शेती आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या ओढ्यातला गाळ काढायला जेसीबी लागला होता. गाळातून सहा कासवं निघाली. मजुरांनी पोत्यात भरली, रात्री रस्सा करायचा बेत होता. मी सहाशे रुपये देऊन ती सोडवली आणि शेतातल्या सिमेंटच्या टाकीत ठेवली. टाकीतून वर यायला उतार केलाय, भोवती जाळी आहे. दिवाळीच्या सुमाराला एका मादीनं शेजारच्या वाळूच्या ढिगात अंडी घातली आणि यंदा पहिल्या पावसात सात पिल्लं बाहेर पडली. टाळी वाजवली की सगळी वर येतात, हातातून चपाती खातात. आता आणखी दोन टाक्या बांधून शंभर-दोनशे पिल्लं वाढवावीत आणि नदीत सोडावीत, असा विचार आहे. पुतण्या म्हणतो, काका, हा गुन्हा आहे. मला समजत नाही. कोकणात अंडी गोळा करून कुंपणात ठेवतात त्याला संवर्धन म्हणतात. प्राणिसंग्रहालयवाले तिकीट लावतात. आसामात म्हणे देवळाच्या तळ्यात कासवं आहेत. आणि मी पदरचे पैसे घालून जीव वाचवले तर मी गुन्हेगार? ता. क. मेव्हण्यानं नातवाला दुकानातून आणून दिलेलं लहान हिरवं कासवही याच टाकीत सोडलंय. डोळ्यामागं लाल पट्टा आहे. चालेल ना?"

दादा, पुतण्याचं बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा राग माझ्यावर निघेल, त्याच्यावर नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत चामड्यासारखी गुळगुळीत पाठ दिसते, आणि उलटं धरलेल्या कासवाच्या पोटाकडे मागचे पाय झाकणाऱ्या दोन झडपा दिसतात. ही फ्लॅपशेल कासवं. आपल्या विहिरी, ओढे, भातखाचरं यांतलं अगदी ओळखीचं कासव. ओळखीचं असलं तरी वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत बसतं, वाघाच्या पंगतीला. या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. असा प्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्यांना कळवायचं, असंही १९७२ च्या या कायद्यात आहे. तुमचे ४८ तास गेल्या मे महिन्यातच संपले. शिवाय तुम्ही सहाशे रुपये मोजलेत. हेतू सोडवण्याचा होता हे मी मानते, पण त्या मजुरांच्या लेखी कासवाला त्या दिवशी भाव लागला. पुढच्या वर्षी गाळ उपसताना ते कासवं जास्त लक्ष देऊन शोधतील. तुमच्यासारखा कोणी भेटला तर ठीक, नाहीतर रस्सा आहेच.

त्या संध्याकाळी तिथं मी असते तर मीही बहुधा पाकीट काढलं असतं. तेव्हा त्यावर आणखी बोलत नाही.

तुम्ही विचारलंय ते मात्र कायद्याच्या पलीकडचं आहे. तोच बंदिवास एकानं केला तर संवर्धन आणि दुसऱ्यानं केला तर गुन्हा, असं का? प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर 'त्यांच्याकडे परवानगी आहे, तुमच्याकडे नाही' एवढ्यावर मी तरी संपवणार नाही. परवानगी असलेले बंदिवासही चुकलेले आहेत.

कोकणापासून सुरुवात करू. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं. त्याआधी तिथली अंडी सर्रास उकरून विकली जायची, खाल्ली जायची. आता काय होतं? पहाटे उजाडायच्या आत कासवमित्र किनाऱ्यावरून चालत जातो. वाळूत ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा माग दिसला की काठीनं अंदाज घेतो आणि मग हातानं वाळू काढतो. पिंगपाँगच्या चेंडूसारखी अंडी, शंभराच्या आसपास. ती न हिंदकळता काही तासांच्या आत कुंपणातल्या खड्ड्यात जातात. खड्डा मादीनं केला होता तसाच, तेवढाच खोल, वर निमुळता आणि खाली पोटाला रुंद. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी वाळू खचते, वर टोपली पालथी घातलेली असते, पिल्लं मोजली जातात आणि लगेच समुद्राच्या दिशेनं तोंड करून वाळूवर सोडली जातात. पाण्यापर्यंत ती स्वतः चालतात. कोणी उचलून लाटेत टाकत नाही.

यात समुद्राकडून काय काढून घेतलं? काही नाही. मादी आली तशी गेली. कुत्रा, कोल्हा आणि उकरणारा माणूस एवढे तिघे वाटेतून बाजूला केले. आणि एवढ्या हलक्या हस्तक्षेपालाही जोखीम असते बरं का. वेळासला अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासव. त्याचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू गार तर नर, गरम तर माद्या. म्हणजे कुंपण सावलीत घातलं की उन्हात, एवढ्यानंही हिशोब बदलू शकतो. तिकडे मेक्सिकोतल्या केम्प्स रिडले कासवांची अंडी १९७८ पासून टेक्सासला नेऊन उबवायचे, पिल्लं गॅल्व्हेस्टनच्या टाक्यांत वाढवून समुद्रात सोडायचे. पहिली काही वर्षं वाळू गार ठेवल्यामुळे नरच जास्त निघाले. १९९२ नंतर अमेरिकेनं हा प्रयोग आवरता घेतला. त्या जातीला सावरलं ते मुख्यतः मेक्सिकोच्या किनाऱ्यावरची घरटी राखल्यामुळे आणि कोळंबीच्या जाळ्यांना कासव निसटायची खिडकी बसवल्यामुळे.

तुम्ही वसुलीत आयुष्य काढलंत, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. कासवाच्या हिशोबात पिल्लं म्हणजे व्याज आणि पूर्ण वाढलेली मादी म्हणजे मुद्दल. पिल्लं भरमसाट जन्मतात आणि भरमसाट मरतात. बगळे, मासे, साप, खेकडे, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. त्यातून जी एखादी मोठी होते ती मग वर्षानुवर्षं अंडी देत राहते. १९८७ साली अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी लॉगरहेड या समुद्री कासवाचं हे गणित मांडलं. निघालं ते असं की किनाऱ्यावरचं अंडं न अंडं वाचवलं तरी तेवढ्यानं ती जात सावरत नाही, मोठी होत आलेली कासवं मरायची थांबली तर सावरते. ते समुद्री कासव आणि तुमचं ओढ्यातलं, दोघांचे आकडे वेगळे असणार. पण चाल तीच.

आता तुमच्या टाकीकडे बघा. ओढ्याचं मुद्दल, सहा मोठी कासवं, तुमच्या टाकीत आहे. व्याज सात पिल्लं आलं आणि त्याचं कौतुक चाललंय. दोनशे पिल्लं करायची तर मुद्दल आणखी वाढवावं लागणार, म्हणजे ओढ्यातून आणखी कासवं आणावी लागणार. ती कोण आणून देणार? तेच मजूर. आणि मुद्दल ज्याच्या खात्यातून काढलंय त्या ओढ्याला परतफेडीची तारीख कोणी दिलेली नाही.

या तारखेवरच माझं सगळं अडतं. बंदिवासाला मी सरसकट नाही म्हणत नाही. प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी एस्पान्योला बेटावर एके काळी फक्त १४ कासवं उरली होती, १२ माद्या आणि २ नर. १९६३ ते १९७४ या काळात ती सगळी उचलून प्रजनन केंद्रात आणली. अख्खं बेट रिकामं केलं, विचार करा. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा तिसरा नर मागवला. पण नुसती कासवं उचलून ते थांबले नाहीत. कासवांचा चारा फस्त करणाऱ्या शेळ्या माणसांनी त्या बेटावर नेल्या होत्या, त्या शेवटच्या शेळीपर्यंत काढून टाकल्या, १९७८ पर्यंत. वाढवलेली पिल्लं बेटावर जात राहिली, बेटावरची संख्या दोन हजारांच्या घरात गेली आणि २०२० च्या जूनमध्ये ती पंधराही म्हातारी बेटावर परत सोडली. केंद्रातला तो कार्यक्रम बंद झाला. (वर्तमानपत्रांनी सगळं श्रेय दिएगोला दिलं. आनुवंशिक तपासणीत निघालं की निम्म्याहून जास्त पिल्लं ई५ अशा रुक्ष क्रमांकाच्या दुसऱ्याच एका शांत नराची होती. सरकारी कचेरीत असतो ना एखादा, काम तो करतो आणि सत्कार साहेबाचा होतो, तसं.)

त्या सगळ्या गोष्टीत मला शेळ्या महत्त्वाच्या वाटतात. कासवं आत होती तेव्हा बाहेर कोणीतरी शेळ्या काढत होतं. तुमची कासवं चौदा महिने आत आहेत. तेवढ्यात बाहेर, ओढ्यावर, काय बदललं? जेसीबी तोच, गाळ काढायचा महिना तोच, पोतंही तेच. तुम्ही दोनशे पिल्लं सोडलीत तर ती कुठे जाणार?

आसामच्या देवळाबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. हाजोच्या हयग्रीव माधव मंदिराचं तळं. तिथलं काळं मऊ पाठीचं कासव २००२ साली निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं होतं. देवाचं म्हणून कोणी हात लावला नाही आणि त्या भक्तीनं ते तगलं. नंतर नद्यांतही काही सापडली. पण तगणं आणि नांदणं यात फरक आहे. बांधलेल्या काठांना अंडी घालायला जागा अपुरी, आणि खायला भाविकांचे पाव-चुरमुरे. शेवटी जाणकारांनी मंदिर आणि वनखात्याच्या सोबतीनं तिथली अंडी गोळा करून वेगळी उबवायला घेतली आणि पिल्लं अभयारण्यातल्या पाण्यात सोडायला सुरुवात केली. देवळानं सांभाळलं, हे देवळाचे उपकारच. पण कासव नदीकडे निघालं ते कोणीतरी तळ्याचं दार उघडल्यावर.

प्राणिसंग्रहालयाचं म्हणाल तर तिकीट लावून नुसतं दाखवायला ठेवलेल्या कासवाची बाजू मी घेणार नाही. त्यात तुमचं-माझं एकमत आहे.

आता एक माझं. नवी नवी प्रॅक्टिस होती तेव्हाची गोष्ट. दुचाकीखाली सापडून पाठ तडकलेलं एक फ्लॅपशेल माझ्याकडे आलं. वनरक्षकानंच आणून दिलं होतं, कागदपत्रं सगळी व्यवस्थित. दोन-अडीच महिन्यांत पाठ सांधली. तेव्हाच सोडायला हवं होतं. पण थंडी होती, मग उन्हाळा आला, ओढे आटले, आता कुठे सोडायचं, पाऊस पडू दे, अशी कारणं मी वनखात्यालाही देत गेले आणि स्वतःलाही. खरं कारण म्हणजे माझ्याकडे येणारी मुलं त्याला बघायला थांबायची आणि मला ते आवडायचं. गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात ते होतं. एप्रिलमध्ये उचलून पोट बघितलं तर खरखरीत तळाला घासून जागोजाग लाल झालेलं, एका ठिकाणी चक्क जखम. एकीकडची तडक सांधली आणि दुसरीकडे मी स्वतः नवी जखम करून ठेवली होती. मे महिन्यात वळवाचा पहिला पाऊस झाला त्या रात्री ते हौदाच्या भिंतीला नखांनी खरवडत राहिलं. खर्र, खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र. पहाटेपर्यंत. मातीचा वास आला होता त्याला, आणि मलाही आला होता. सकाळी मी वनरक्षकाला फोन केला.

तुमच्या कासवांचं पोट एकदा बघा. सिमेंटला घासलं जातंय का, पापण्या सुजल्यात का, पिल्लांची पाठ बोटानं दाबली तर नको तितकी दबते का. या जातीची पाठ मुळातच थोडी मऊ असते, पण चपातीवर वाढलेल्या पिल्लाची हाडंच कच्ची राहतात. ओढ्यात ती गोगलगायी, बेडूकपिल्लं, किडे, मेलेले मासे, पाणवनस्पती असं काहीबाही खातात. चपाती कुठल्याच ओढ्यात वाहत येत नाही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते टाळीचं वाक्य. तुम्ही अभिमानानं लिहिलंय, मी समजू शकते. आपल्याकडे कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते ही संतांची लाडकी उपमा. प्रत्यक्षात ही आई अंडी पुरते आणि निघून जाते, पिल्लांचं तोंडही तिला दिसत नाही. पिल्लू बाहेर पडतं ते सावली हलली की पळायचं एवढं एकच शिक्षण घेऊन. तुम्ही मायेनं ते शिक्षण पुसलंत. उद्या वारणेच्या काठावर कोणी टाळी वाजवली तर ही सात पिल्लं वर येतील, आणि टाळी वाजवणाऱ्याच्या हातात चपाती असेलच असं नाही.

दुसरी भीती वेगळीच आहे. गावात तेरा कासवं आहेत ही बातमी किती दिवस लपणार? वीस नखांच्या कासवानं पैशांचा पाऊस पडतो म्हणून फसवणारे आणि फसणारे आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतात. तुमच्या कासवाला एका पायाला तीन, म्हणजे सगळी मिळून बाराच नखं. पण रात्री जाळी कापणारा माणूस ती आधी मोजत बसत नाही.

म्हणून काय करायचं ते सांगते. एक काम अजिबात करू नका: घाबरून रात्री सगळी पोत्यात भरून नदीत सोडून येणं. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात कासवांमध्ये श्वसनाचा एक आजार पसरला. लोकांनी घरची कासवं रानात सोडल्यानं तो वाढला असावा, असं अभ्यासक मानतात. तुमच्या टाकीत तर दुकानातलं कासव त्यांच्याच पाण्यात आहे. ते लाल पट्ट्याचं अमेरिकेतलं रेड-इअर्ड स्लायडर, जगभर सगळ्यात उपद्रवी परदेशी कासवांत त्याचं नाव आहे. त्याला आजच वेगळ्या भांड्यात ठेवा, आणि कितीही दया आली तरी नदी, ओढा, विहीर, देवळाचं तळं, कुठेही सोडू नका. नातवाला वाईट वाटेल. त्याला खरं कारण सांगा, मुलांना कळतं.

मग १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा सरळ तुमच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना जाऊन भेटा. वकिलाशी बोलायचं तर बोला, पण त्यात महिना घालवू नका. कधी सापडली, कुठे, किती पैसे दिले, अंडी कधी, पिल्लं कधी, सगळं तारखांसह एका कागदावर लिहून न्या. लपवाछपवी करू नका. आपण होऊन आलेला माणूस आणि धाड टाकून सापडलेला माणूस यांत अधिकारी फरक करतात, हा माझा अनुभव आहे. हमी मात्र मी देऊ शकत नाही. पशुवैद्यक तपासतील, मोठी सहा लवकर सुटण्याजोगी आहेत का ते ठरवतील. पिल्लांना थोडे दिवस माणसापासून लांब आणि नैसर्गिक खाण्यावर ठेवावं लागेल. जातही नीट पारखून घ्यायला सांगा. कृष्णेच्या खोऱ्यात लीथचं मऊ पाठीचं कासव आढळतं, १८७२ साली पुण्याच्या नमुन्यावरून जगाला माहीत झालेलं आणि आज नामशेष व्हायच्या अगदी काठावर आलेलं. फोटोत एक मोठं कासव कडेला अर्धवट दिसतंय. त्याच्या पोटाला झडपा नसतील तर ते आधी सांगा.

सोडताना मला यायचंय, असं जरूर म्हणा. नेमका कुठला ओढा, कुठलं वळण, कुठल्या झाडाखालचा गाळ, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही, आणि त्यांनी शक्यतो तिथंच जायला हवं.

दोन टाक्यांचे पैसे वाचतील त्यांचं काय करायचं तेही सुचवते. तुमच्या भागात प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी झालीत. त्या गुळगुळीत उतारावरून कासव, साप, मुंगूस, कोणी पडलं की वर येत नाही. चारी बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर किंवा काथ्याची जाळी सोडली की येतं. आणि ओढ्याचा गाळ. उन्हाळ्यात हे कासव चिखलात पुरून घेऊन पाऊस येईपर्यंत पडून राहतं, म्हणून नेमकं मे महिन्यात बकेटमध्ये येतं. ग्रामपंचायतीत बोला. गाळ काढायच्या आदल्या दिवशी काठ पायाखाली घालायला दोन माणसं, निघालेलं कासव ठेवायला ओलं गोणपाट आणि सावली, वनरक्षकाला आधी फोन, आणि एका बाजूचा थोडा चिखल न उपसता तसाच ठेवायचा. जेसीबीचा ड्रायव्हर बहुधा पंचक्रोशीतलाच असेल. त्याचा नंबर पुतण्याकडे असेल, मागून घ्या.